वाटाण्याच्या वेलाने उभं केलेलं भांडवल

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांमधून आयएनएच्या दिशेने चालत निघालं की थोड्याच वेळात दिल्ली हाट लागतं. एक नाला झाकून मोकळ्या झालेल्या जागेवर १९९४ मध्ये हा बाजार उभा राहिला. इथले बहुतेक गाळे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने मिळतात. आज जिथे कोल्हापुरी चपला मांडल्या आहेत तिथे पुढच्या पंधरवड्यात काश्मिरी शाली असतील. सोळाव्या दिवशी गिऱ्हाईक शोधत आलं तर गाळा तोच, पण माणूस दुसरा.

म्हणून हल्ली इथला प्रत्येक जण व्हिडिओ काढतो. गाळा गेला तरी गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये आपण राहावं, एवढीच त्यामागची इच्छा. आणि मग तोच प्रश्न येतो, जो घरगुती फराळ विकणाऱ्या वहिनींपासून क्लासवाल्या सरांपर्यंत सगळे विचारतात: व्हिडिओ चांगला झालाय, गाणं टाकलंय, नाव सोनेरी अक्षरांत फिरतंय. मग माणसं सुरुवातीलाच निघून का जातात?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला नव्या ॲपकडे जायच्या आधी मी तुम्हाला शंभरेक वर्षं मागे, मुंबईत घेऊन जाणार आहे.

१. कुंडी आणि कॅमेरा

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तिथे विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि दोन महिन्यांनी मुंबईला परतले. कॅमेरा मिळाला, पण चित्रपट काढायला लागणारा पैसा नव्हता. त्या काळी हिंदुस्थानात बसून आपला माणूस चित्रपट तयार करील यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसण्याचं काही कारणच नव्हतं. चित्रपट ही विलायतेहून डब्यात बंद होऊन येणारी वस्तू होती.

फाळक्यांनी काय करावं? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोखला आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक छायाचित्र घेत राहिले. सगळी छायाचित्रं सलग फिरवली तेव्हा पडद्यावर वाटाणा फुटला, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल चढू लागला. महिनाभराची वाढ एका मिनिटाच्या आसपास. या चित्रफितीचं नाव ‘अंकुराची वाढ’. ती निवडक मंडळींना दाखवली आणि त्यांतले यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे कर्ज द्यायला तयार झाले. त्याच वाटेने पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला.

जाता जाता एक हिशेब. फाळके रोज एकच छायाचित्र घेत असत, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ छायाचित्रं फिरत. एका मिनिटाला ९६० हवीत. रोज एक घेतलं असतं तर अडीच वर्षं उलटून गेली असती आणि वाटाण्याची उसळही संपली असती. ९६० ला ३० दिवसांनी भागा, म्हणजे रोजची ३२ येतात. तेव्हा हे दिवसभर कॅमेऱ्यापाशी बसून केलेलं काम असणार. गोष्ट गोड असली की तिचं गणित कोणी करत नाही, आणि जाहिरातीच्या धंद्यात याचा फायदाही होतो आणि तोटाही. तोट्याकडे आपण पुढे येऊ.

माझ्या मते ‘अंकुराची वाढ’ हा आपल्याकडचा पहिला खरा जाहिरात-व्हिडिओ. त्यात काय नव्हतं ते बघा. फाळक्यांचं नाव फिरत नव्हतं. आमची परंपरा, आमची गुणवत्ता, आमची बांधिलकी, यातलं काही नव्हतं. विकायचं होतं ते चित्रपट काढण्याचं कसब, आणि पडद्यावर होतं फक्त त्या कसबाचं फळ. शिवाय ते पाहणाऱ्याला उठता येत नव्हतं. कोंब दिसला की पान कधी फुटेल असं वाटतं, पान फुटलं की वेल कुठे वळेल असं वाटतं. प्रत्येक क्षण पुढच्याची उत्सुकता लावतो.

याला मी या पुस्तकात ‘वायदा’ म्हणणार आहे. पुढे काहीतरी मिळणार आहे, असा शब्द प्रेक्षकाला देणं म्हणजे वायदा. लक्ष धरून ठेवणं म्हणजे दुसरं काही नसून वायदा करणं आणि तो वेळेवर फेडणं.

२. माणसं जातात ती कितव्या सेकंदाला?

जुन्या काळी वक्त्याला समोर दिसायचं की कोण उठून चाललंय. फोनवर ते दिसत नाही, पण नोंद मात्र होते. यूट्यूबसारख्या ठिकाणी तुमच्या प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख मिळतो. डावीकडे सुरुवात, उजवीकडे शेवट, आणि एक उतरती रेघ. सुरुवातीला सगळे असतात, मग एकेक जण उठतो आणि रेघ खाली येते. पंगतीत वरण-भातालाच निम्मी पानं उठली तर जसं आचाऱ्याला कळतं, तसं ही रेघ पाहून तुम्हाला कळतं.

या रेघेला महत्त्व का, तेही सांगतो. यूट्यूबने २०१२ मध्ये आपली पद्धत बदलली. आधी व्हिडिओवर किती जणांनी बोट लावलं हे मोजलं जाई. त्यानंतर किती वेळ पाहिला याला वजन आलं. जो व्हिडिओ माणसं टिकून पाहतात तो यंत्रणा आणखी माणसांपुढे सरकवते. म्हणजे भिंतीवर पोस्टर लावून तंबूत आणलेला प्रेक्षक आता पुरत नाही, तो तंबूत बसलाही पाहिजे.

आता एक लहानसा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, ४० सेकंदांचा व्हिडिओ १०० जणांच्या फोनवर सुरू झाला. पहिल्या ५ सेकंदांत ५५ जण गेले. उरले ४५. पुढच्या ३५ सेकंदांत त्यांतले एक तृतीयांश, म्हणजे १५ गेले. शेवटी उरले ३०. तुम्ही भाव आणि पत्ता शेवटी सांगितलात, तर तो ३० जणांनी ऐकला.

तुमच्याकडे सुधारणा करायला एकच संध्याकाळ आहे. ती कुठे खर्च कराल?

मधला भाग इतका छान केला की १५ ऐवजी ५ च जण गेले, तर शेवटी ४० उरतात. पण मधल्या भागाला हातही न लावता पहिले ५ सेकंद सुधारले आणि ५५ ऐवजी ३० गेले, तर उरतात ७०. त्यांतले पूर्वीसारखेच एक तृतीयांश गेले तरी शेवटी ४७ च्या आसपास राहतात. म्हणजे पाच सेकंदांच्या दुरुस्तीने पस्तीस सेकंदांच्या दुरुस्तीपेक्षा जास्त मिळवून दिलं.

आणि बहुतेक लोक हे पाच सेकंद कशावर घालवतात? फिरत येणाऱ्या बोधचिन्हावर. नाहीतर ‘नमस्कार मित्रांनो, मी अमुक तमुक, माझ्या चॅनेलवर तुमचं स्वागत’ यावर. नमस्कार करणं चांगलंच. पण रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसाला आपण आधी नमस्कार, मग नाव, मग कुळकथा असं सांगत नाही. ‘अहो, तुमची पिशवी फाटलीय!’ एवढंच ओरडतो, आणि तो थांबतो.

३. गारुड्याचं मुंगूस

वायदा कसा करावा हे आपल्याकडे पहिल्यांदा कोणी शोधलं असेल तर गारुड्याने. बाजाराच्या दिवशी तो डमरू वाजवतो, एका टोपलीत साप, खुंटीला मुंगूस बांधलेलं. साप-मुंगसाची झुंज दाखवणार म्हणतो. माणसं कोंडाळं करतात. मग तो बोलू लागतो, बरोबरच्या पोराला झोपवतो, त्याच्यावर चादर पांघरतो, मधूनच टोपलीचं झाकण थोडं उचलतो आणि पुन्हा ठेवतो. अर्ध्या तासात ताईत आणि मुळ्या खपतात. झुंज होत नाही. ज्याने झुंज पाहिली असा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

या गारुड्याकडून दोन गोष्टी शिकाव्यात आणि एक टाळावी.

शिकण्याची पहिली गोष्ट: वायदा डोळ्यांना दिसणारा हवा. मुंगूस समोर बांधलेलं असतं. ‘आज मी तुम्हाला एक गंमत सांगणार आहे’ हा वायदा नव्हे, कारण गंमत दिसत नाही. कढईत सोडलेली चकली दिसते, तेलात ती विरघळणार की टिकणार ही धाकधूकही दिसते. वहिनींनी ‘भाजणीची चकली कशी करावी’ असं पाटीवर लिहिण्याऐवजी विरघळलेली चकली झाऱ्यावर उचलून दाखवावी. ज्या घरात चकली एकदा तरी विरघळली आहे त्या घरातला अंगठा थांबलाच.

दुसरी: मोठा वायदा दूर असला तर मध्ये छोटे हप्ते द्यावेत. झाकण थोडं उचलणं हा हप्ता. ‘अंकुराची वाढ’मधलं पहिलं पान हा हप्ता. वेल पूर्ण चढेपर्यंत कोणी नुसत्या मातीकडे बघत बसलं नसतं.

टाळायची गोष्ट म्हणजे बुडवेगिरी. गारुडी झुंज न दाखवता निघून जाऊ शकतो, कारण उद्या तो दुसऱ्या गावच्या बाजारात असतो. तुम्ही गावातच राहणार आहात. ‘शेवटी जे झालं ते पाहून तुम्ही थक्क व्हाल’ असं लिहून शेवटी काहीच झालं नाही, तर तो माणूस पुढच्या वेळी तुमचं नाव दिसताच अंगठा फिरवेल. आणि तो अंगठा कितव्या सेकंदाला फिरला याची नोंद असते, हे मागच्या विभागात आलंच आहे.

४. एक म्हणजे एकच

आता उलटा प्रश्न. विकायची वस्तू डोळ्यांना दिसणारीच नसेल तर? विमा, शिकवणी, आरोग्य तपासणी, एखादा विचार. तिथे कढईत काय सोडणार?

इथे दिल्लीतलंच उदाहरण आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि नंतर दिल्लीच्या झालेल्या विजया मुळे यांनी १९७४ मध्ये एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रासाठी ‘एक अनेक और एकता’ नावाचा सात मिनिटांचा ॲनिमेशनपट केला. चलतचित्रं भीमसेन यांची. शैक्षणिक चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. मुळेबाई २०१९ मध्ये दिल्लीत वारल्या, पण दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या कोणालाही त्या चित्रपटाचं नाव घेऊन बघा, तो गुणगुणायलाच लागेल.

त्यांना विकायची होती एकता. यापेक्षा कंटाळवाणा माल मला सुचत नाही. या विषयावर पंधरा ऑगस्टला होणारी भाषणं आठवा. मुळेबाईंनी काय केलं? लहान मुलं ताईला विचारतात, ‘अनेक’ म्हणजे काय? ताई पक्ष्यांची जुनी गोष्ट सांगते. दाणे दिसतात, पक्षी उतरतात, जाळ्यात अडकतात, पारधी येतो, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात. न दिसणारी एकता पोराला दिसली: जाळं वर उचललं गेलं तेव्हा.

दोन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, सात मिनिटांत कल्पना एकच आहे. एकता सांगतोच आहोत तर थोडी स्वच्छताही सांगू, कुटुंबनियोजनही उरकू, असं झालेलं नाही. जाहिरातीचे व्हिडिओ मरतात ते बहुधा याच मोहाने. आमच्याकडे चपलाही आहेत, पर्सही आहेत, पट्टेही आहेत, घरपोच सेवाही आहे, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. पाच व्हिडिओ करा, पण एका व्हिडिओत एकच माल आणि त्या मालाचा एकच गुण.

दोन, प्रश्न प्रेक्षकाच्या तोंडचा आहे. मुलांना खरोखरच ‘अनेक’ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. विकणाऱ्याचा प्रश्न असतो ‘माझा माल किती चांगला?’ आणि घेणाऱ्याचा असतो ‘ही चप्पल पायाला लागेल का?’ दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा.

५. किती लांब?

हे थोडक्यात. यूट्यूबवरचा सर्वांत पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा होता. ‘एक अनेक’ सात मिनिटांचा. ‘राजा हरिश्चंद्र’ तासाच्या जवळपास. लांबी वायद्यावर ठरते. चपलेत खिळा आहे की नाही हे दाखवायला अर्धं मिनिट पुरतं, चामडं कसं कमावतात हे दाखवायला पाच मिनिटं लागतात आणि ती लागू द्यावीत. वायदा फिटला की मात्र थांबावं. पाहुणे चपला घालून उभे राहिल्यावर पुन्हा गप्पा काढणाऱ्या यजमानासारखं करू नये.

६. कान उघडे, कान बंद

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला. त्या काळातल्या जाहिरातींना एक सोय होती. माणसं घरात इकडेतिकडे असायची, पण संच मोठ्याने चालू असायचा. आई स्वयंपाकघरात असली तरी तिच्या कानावर धून पडायची. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको कंपनीचं उदाहरण घ्या. १९८४ मध्ये ‘ये जो है ज़िंदगी’ ही मालिका त्यांनी प्रायोजित केली, आणि हळदीच्या क्रीमची आणि दंतमंजनाची धून घराघरांत पोचली. पडद्याकडे पाठ असलेल्या माणसालाही ती जाहिरात ‘दिसत’ होती. तिथे कान हा दरवाजा होता.

फोनवर उलटं झालं. मेट्रोत, ऑफिसात, बाळ झोपलेलं असताना माणसं आवाज बंद करून बघतात. म्हणून आजच्या व्हिडिओला दोन परीक्षा द्याव्या लागतात. आवाज बंद करून बघा: गोष्ट कळते का? मग डोळे मिटून ऐका: तरीही कळते का? दोन्हीत उत्तीर्ण झाला तर व्हिडिओ पक्का.

पहिल्या परीक्षेसाठी पडद्यावर अक्षरं हवीत, पण बोललेलं सगळं नव्हे. एका वेळी चार-पाच शब्द, मोठे, आणि पडद्याच्या अगदी तळाशी नकोत, कारण तिथे ॲपची स्वतःची बटणं आणि नावं येतात.

दुसऱ्या परीक्षेसाठी खरा आवाज हवा. इथे मला तक्रार करायची आहे. माल कोणताही असो, आपण त्याखाली त्या आठवड्यात गाजणारं गाणं अंथरतो. कोल्हापुरी चपलेची करकर ही तिची अर्धी ऐट. पूर्वी माणूस दिसायच्या आधी त्याची वहाण ऐकू यायची. तो आवाज पुसून त्यावर कुठल्यातरी सिनेमाचं गाणं टाकणं म्हणजे पुरणपोळीवर टोमॅटो सॉस ओतणं. आरीने चामडं टोचल्याचा आवाज, चकली मोडल्याचा आवाज, हातमागाचा खटका, हे फुकट मिळतात आणि दुसऱ्या कोणाकडे नसतात. दिल्ली हाटसमोरच्या अरविंदो मार्गाच्या कडेला बसून शूट करत असाल तर वाहनांचा गोंगाट येणारच. तेव्हा इअरफोनचा माइक कॉलरला लावून आवाज वेगळा घ्या, किंवा सकाळी गर्दी व्हायच्या आत उरका.

७. ५७,००० छायाचित्रं आणि दोन मैल

फाळक्यांकडे पुन्हा जाऊ. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला लागला तेव्हा पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमल्याचं सांगतात. अडचण अशी की तेव्हाची नाटकं दोन आण्यांत रात्र रात्र चालत, आणि हा खेळ तीन आणे घेऊन थोडक्या वेळात संपणार. थिएटरवाल्याने खेळ लांबवा म्हणून सुचवलं. फाळक्यांनी खेळ लांबवला नाही, जाहिरात बदलली. नव्या जाहिरातीत त्यांनी लिहिलं की हा ५७,००० छायाचित्रांचा प्रयोग आहे, चित्र दोन मैल लांब आहे, आणि हे सगळं तीन आण्यांत. गर्दी लोटली.

यातली युक्ती समजून घ्या. प्रेक्षक वेळ मोजत होता आणि वेळेच्या मापात फाळके कमी पडत होते. त्यांनी मापच बदललं. तासांऐवजी छायाचित्रं आणि मैल. तुमची चप्पल बाजारातल्या रबरी चपलेपेक्षा महाग असेल तर ‘किंमत योग्य आहे’ असं सांगून उपयोग नाही. एका जोडाला किती टाके पडतात ते मोजा आणि टाके पडताना दाखवा. ‘मेहनतीने बनवलेली’ या शब्दाला वजन नसतं, मोजलेल्या टाक्यांना असतं.

पण मघाशी म्हटलेला तोटा इथे येतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ छायाचित्रं बसतात. ५७,००० ला १६ ने भागा: ३,५६२ फूट. चित्रपटाची नोंदलेली लांबीही ३,७०० फुटांच्या आसपासच आहे. मैलात ५,२८० फूट, म्हणजे दोन मैलांचे झाले १०,५६०. फाळक्यांची फिल्म पाऊण मैलाच्याही आतली होती! एकाच जाहिरातीतले दोन आकडे एकमेकांशी भांडत होते, पण १९१३ च्या आसपास सुरतेत फिल्मचं रीळ उलगडून कोण मोजणार?

तुमचं रीळ मात्र मोजलं जाईल. खालच्या प्रतिक्रियांत कोणीतरी चर्मोद्योगातला निवृत्त माणूस असतोच, आणि त्याच्याकडे वेळ असतो. तेव्हा आकडा द्या, पण पुरावा दाखवता येईल असाच.

८. चाळीस सेकंदं, दिल्ली हाट

आता हे सगळं एका व्हिडिओत घालू. समजा, तुम्ही कोल्हापुरी चपलांचा गाळा मांडला आहे आणि पंधरा दिवसांतला आज दुसरा दिवस.

आधी माल तपासा. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात आणि तळ चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा लागत नाही. हाच आपला एक गुण: खिळा नाही. (तुमच्या जोडात खिळा असेल तर हा व्हिडिओ करू नका, दुसरा गुण शोधा.)

पहिली पाच सेकंदं. एक लोहचुंबक घ्या. बाजारातली साधी खिळ्यांची चप्पल उलटी धरा, चुंबक टाचेजवळ न्या. टक! चिकटला. लगेच कोल्हापुरी उलटी धरा, चुंबक तळावरून फिरवा. घसरून पडला. एकही शब्द बोलायचा नाही. पडद्यावर चार शब्द: ‘मग तळ कशाने टिकतो?’ आवाज बंद असला तरी वायदा झाला, आणि तोही डोळ्यांना दिसणारा.

सहा ते पंचवीस सेकंदं. आता मान वर करून भाषण नको. कॅमेरा हातांवर. रापीने वादी कापली जाते, आरीने भोक पडतं, वादी आत जाते, ओढली जाते. हे हप्ते. तुम्ही मागून बोला, सावकाश, सेकंदाला दोन शब्दांच्या वर नको. वीस सेकंदांत चाळीस शब्द होतात, त्याहून जास्त लिहिले असतील तर खोडा. हे चाळीस शब्द घरी आईशी बोलता तसे असू देत. ‘सदर पादत्राण पर्यावरणपूरक आहे’ असं कोणीही कोणाच्या आईशी बोलत नाही.

सव्वीस ते तेहतीस सेकंदं. वायदा फेडायचा. शिवलेला तळ पिळून दाखवा, दोन्ही हातांनी वाकवा. मग तो जोड पायात, आणि चार पावलं. करकर ऐकू द्या. इथे बोलू नका.

उरलेली सात सेकंदं. नाव, गाव, गाळा, आणि कोणत्या तारखेपर्यंत. नाव आणि गाव विसरू नका. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या, त्यात कोल्हापूरचं नाव नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. ते मानांकन तुमच्या गावाच्या नावावर आहे, आणि गावाचं नाव तुम्हीच घेतलं नाहीत तर दुसरं कोण घेणार?

शेवटी प्रेक्षकाला एकच काम सांगा. लाइक करा, शेअर करा, घंटी दाबा, लिंक उघडा, गाळ्यावर या: एवढी पाच कामं सांगितली की माणूस एकही करत नाही. घरातल्या पोराला बाजारात पाठवताना अनुभव घेतला असेलच. पायाचं माप पाठवा, एवढंच सांगा. माप पाठवणारा निम्मा गिऱ्हाईक झालेला असतो.

शूटिंगच्या दोन-तीन बारीक गोष्टी. फोन उभा धरा, कारण बघणारा उभाच धरणार आहे. कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसा. चामड्याच्या, पिठाच्या किंवा तेलाच्या हातांनी हाताळलेल्या फोनवर धुकं बसतं, आणि माणसं महागडे दिवे आणतात पण काच पुसत नाहीत. फोन विटांवर टेकवून स्थिर ठेवा. उजेड तुमच्या पाठीमागून नको, बाजूने येऊ द्या. दिल्लीच्या हिवाळ्यात चारनंतर ऊन पिवळं आणि मवाळ होतं. चामड्याचा रंग त्या उजेडात खुलतो.

९. टाकण्याआधी

व्हिडिओ तयार झाला की तो मित्रांच्या ग्रुपवर टाकून ‘कसा वाटला?’ विचारू नका. सगळे अंगठा दाखवतील. दिल्लीतल्या मराठी ग्रुपवर तर दोन मिनिटांत बारा हात जोडलेले येतील, व्हिडिओ न उघडताच.

त्याऐवजी असं करा. ज्यांना तुमचं कौतुक करण्याची गरज वाटत नाही अशी पाच माणसं निवडा. शेजारच्या गाळ्यावरचा विणकर, चहावाला, कोणाची तरी आत्या, कॉलेजातला एक मुलगा, सुरक्षारक्षक. प्रत्येकाच्या हातात फोन द्या आणि काहीही न सांगता समोर उभे राहा. व्हिडिओकडे पाहू नका, तो तुम्हाला पाठ आहे. त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. नजर पडद्यावरून हलली की मनात सेकंद मोजा आणि कागदावर आकडा लिहा. मग एकच विचारा: यात काय दाखवलं होतं? पाचांतल्या तिघांनी ‘खिळा नसलेली चप्पल’ असं सांगितलं तर व्हिडिओ टाका. ‘छान होता’ असं सांगितलं तर पुन्हा काढा.

आणि कागदावरचे पाच आकडे एकाच ठिकाणी गोळा झाले असतील, उदाहरणार्थ बारा, अकरा, बारा, तेरा, बारा, तर बाराव्या सेकंदाला तुम्ही काय बोलताय ते ऐका. बहुधा तिथे तुम्ही ‘आमची तिसरी पिढी या व्यवसायात आहे’ असं सांगत असाल. ते वाक्य काढा, त्या जागी आरी पुन्हा एकदा चामड्यात घुसू द्या, आणि आत्याला परत एकदा फोन द्या.